देवाला वाहायचं, ते कुणाचं?

"देवा, माझं काहीच नाही, सगळं तुझंच आहे!" हे वाक्य आपल्यापैकी किती जणी रोज म्हणतात! दिवा लावताना, पोळ्या लाटताना, मुलाचा ताप उतरत नाही म्हणून रात्र जागताना ते ओठांवर आपोआप येतं. आणि तोच आपण शेजारणीने नेलेली वाटीभर साखर परत आली नाही, तर पंधरा दिवस लक्षात ठेवतो! यात हसण्यासारखं काही नाही, भगिनींनो. म्हणणं सोपं आणि करणं अवघड, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

आपल्याकडे नवविधा भक्तीत शेवटची पायरी आत्मनिवेदनाची. स्वतःला देवाच्या स्वाधीन करणं ही ती पायरी. ख्रिस्ती प्रार्थनेतही हीच गोष्ट अगदी मध्यावर आहे. आपली इच्छा, आपला पैसाअडका, आपली माणसं सगळी देवाच्या हाती सोपवायची. तिला समर्पण म्हणतात. शब्द सुंदर आहे. पण संसारी बाईच्या मनात त्याबरोबर दोन-तीन साधे प्रश्न उभे राहतात. सगळं देवाला दिलं, तर महिन्याचा किराणा कुठून भरायचा? माझी इच्छा सोडायची म्हणजे घरातलं कुणी काहीही म्हटलं तरी 'हो' म्हणायचं का? आणि नवऱ्याने सगळं देवाला वाहिलं, तर त्यात माझंही आलंच का?

हे प्रश्न नवे नाहीत. आपल्या महाराष्ट्रात दोन बायका हे प्रश्न प्रत्यक्ष जगल्या. एक पंडिता रमाबाई, दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. दोघींनी आपापल्या परीने दिलेली उत्तरं आज कोणत्याही धर्माच्या गृहिणीने ऐकावीत अशी आहेत.

आधी मागणं, मग सोपवणं

पण त्याआधी ही प्रार्थना नेमकी काय आहे ते पाहू. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात देवाची इच्छा पूर्ण होवो ही विनंती आधी येते आणि रोजच्या भाकरीची मागणी नंतर. पण भाकरीची मागणी येते, हे महत्त्वाचं! सगळं देवावर सोपवलं म्हणून पोटाचं बोलायचं नाही, असं तिथे नाही.

येशूच्या आयुष्यातला गेथशेमाने बागेतला प्रसंग सगळ्यांना ऐकून माहीत असेल. मरण समोर दिसत होतं. त्याने आधी स्पष्ट मागितलं, की हे दुःख टळणार असेल तर टळू दे. मन मोकळं केलं, आणि मग शेवटचा निर्णय पित्यावर सोडला. येशूची आई मरिया हिचंही तसंच. देवदूताने निरोप आणला तेव्हा तिने लगेच मान डोलावली नाही. हे कसं होणार, असं तिने आधी विचारलं. उत्तर ऐकलं आणि मग होकार दिला.

म्हणजे बघा, समर्पण करणारी व्यक्ती मुकी नसते. ती बोलते, विचारते, हवं ते मागते. ज्या बाईला आपल्याला काय हवं हेच कधी म्हणू दिलं नाही, तिने 'माझी इच्छा सोडली' म्हणण्याला काय अर्थ? हातात असेल तेच सोडता येतं ना?

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या, रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तिथली शेती पावसावर. सोयाबीन आणि तूर पेरून झाली, की शेतकरीण आभाळाकडे बघते आणि म्हणते, आता त्याची मर्जी. पण ती हे पेरल्यावर म्हणते! नांगरट झाली, पाळी झाली, बी पडलं, आणि मग जे आपल्या हातात नाही ते तिने वरच्याच्या हाती दिलं. न पेरता आभाळाकडे बघत बसणाऱ्याला गावात भक्त म्हणत नाहीत, आळशी म्हणतात.

रमाबाईंची झोळी आणि रमाबाईंची वही

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. घरदार सोडून सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत फिरे. होतं ते दानधर्मात, व्रतवैकल्यांत संपलं आणि पुढे दुष्काळात आईवडिलांचे उपासमारीने प्राण गेले. सर्वस्व देवाला वाहणं म्हणजे काय, हे या मुलीने पोरवयात असं पाहिलं होतं. पुढे लग्न झालं, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आता कुणाला वाटेल, की इथून पुढे त्या धर्मगुरू म्हणतील तसं वागू लागल्या. छे! वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई आईच्या ठिकाणी मानत. पण कोणती शिकवण पटते आणि कोणती पटत नाही, यावर दोघींचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. सिस्टरचं म्हणणं, नम्र हो, आज्ञा पाळ. रमाबाईंचं म्हणणं, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करणार नाही. मनोरमेला काय शिकवायचं हेही त्यांनी दुसऱ्यांना ठरवू दिलं नाही. ही पत्रं १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. देवापुढे वाकणं वेगळं आणि देवाचं नाव घेऊन बोलणाऱ्या माणसापुढे वाकणं वेगळं, हा फरक त्यांना पक्का ठाऊक होता.

तरीही रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याला मनाची खरी शांती मिळाली नव्हती. १८९१ च्या सुमारास त्यांनी स्वतःला पूर्णपणे ख्रिस्ताच्या स्वाधीन केलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, तर वाचून, विचार करून, स्वतःच्या मनाने.

मग कसोटी आली. १८९६-९७ मध्ये आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. दुष्काळात आईबाप गमावलेली ही बाई गप्प कशी बसेल? त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. शारदा सदनासाठी अमेरिकेतून मदत येत होती; पण ती ठरावीक कामासाठी होती, आणि दहा वर्षांची तिची मुदत १८९८ मध्ये संपत आली होती. एवढ्या मुलींना खायला काय घालायचं? रमाबाईंनी ठरवलं, की देवाजवळ मागायचं आणि कामाला लागायचं.

इंग्लंडात ब्रिस्टल इथे जॉर्ज म्यूलर या गृहस्थांनी १८३६ पासून अनाथाश्रम चालवले होते. ते माणसांकडे वर्गणी मागत नसत, प्रार्थना करत. रमाबाईंनी त्यांची हकिगत वाचली होती. पण म्यूलरसाहेबांची दुसरी बाजू लोक विसरतात. आलेल्या प्रत्येक पैचा हिशेब ते ठेवत आणि दरवर्षी छापून जाहीर करत.

रमाबाईंचंही तसंच. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी जमीन घेतली होती, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पहाटे प्रार्थना होई, आणि दिवसभर? विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, तेलाचा घाणा फिरला, गाईगुरं ठेवली, शिवणकाम चालू झालं, छापखाना आला. दोन हजार पानांचा स्वयंपाक काय असतो, हे आपल्याला लग्नघरातल्या दोनशे पानांवरून समजेल! ज्यांना घरादाराने टाकलं, त्या बायका तिथे स्वतःच्या हातांनी कमवू लागल्या. 'मुक्ती प्रेयर बेल' नावाच्या पत्रिकेतून कामाची हकिगत बाहेर जाई. म्हणजे एका हातात देवापुढे पसरलेली झोळी, तर दुसऱ्या हातात हिशेबाची वही.

सगळ्यात कठीण देणं शेवटी आलं. मनोरमा त्यांची एकुलती एक लेक. आपल्यामागे तीच हे सगळं सांभाळेल, अशी आशा होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईचं काय झालं असेल, ते आईनेच समजावं. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. साध्या बाईला वाचून समजावं म्हणून हा खटाटोप. लेक गेल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नाही, आणि ते हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. मुक्तीच्याच छापखान्यात छापलेलं ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

नवऱ्याने दिलं, बायकोचं काय?

रमाबाई एकट्या होत्या. जे दिलं ते त्यांचं होतं. लक्ष्मीबाई टिळकांचा प्रश्न मात्र आपल्या घरातला आहे.

नाशिकजवळच्या जलालपूरची ही गोखल्यांची मनू, जन्म १८६८. दहा-अकरा वर्षांची असताना कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. माणूस सोन्यासारखा, पण खिशात पैसा टिकेल तर शपथ! दारी कुणी आला, की हातात असेल ते दिलं. नोकरी मनाविरुद्ध गेली, की सोडली. आणि मागे चूल कुणी पेटवायची? लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली असतील, त्यांना हे सांगायला नको. किती हसवून सांगितलंय त्यांनी! पण हसता हसता डोळ्यांत पाणीही येतं.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. आपल्यापुरतं त्यांनी स्वतःला देवाच्या हाती दिलं. पण त्याच वेळी एक बायको आणि एक लहान मुलगाही निराधार झाले. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. त्या काळात धर्म बदलणं म्हणजे जातीबाहेर जाणं, आणि ब्राह्मणाघरच्या बाईला तर नवरा जिवंत असून नसल्यासारखा. चार-पाच वर्षं त्या नातलगांकडे राहिल्या. काय काय ऐकून घेतलं असेल!

पुढे त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या. पण धर्म बदलून नव्हे. आपलं सोवळं वेगळं, आपली चूल वेगळी, आपलं पाणी वेगळं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या पदरी घातलंच पाहिजे. मग एकाच घरात राहून लक्ष्मीबाई पाहत राहिल्या, विचार करत राहिल्या. देवाने माणूस घडवला, तर ही उच्चनीच जात कुणी घडवली, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडला आणि सोवळं आपोआप गळून पडलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत.

या पाच वर्षांचं मोल फार आहे, मैत्रिणींनो. टिळकांचं समर्पण टिळकांचं होतं. बायकोचं मन त्यांच्या मालकीचं नव्हतं. ते त्यांना देवाला वाहता येणार नव्हतं. ते लक्ष्मीबाईंनीच द्यायचं होतं, आणि त्यांनी ते दिलं तेव्हा काय भरभरून दिलं! पुढे ही सोवळी बाई पोरक्या मुलांची आई झाली, प्लेगच्या रोग्यांची सेवा तिने केली. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगाराची नोकरीही सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईने!

टिळकांसारखा साधुपुरुष लाखांत एक. पण असं सर्वस्व देणाऱ्या माणसाच्या घरात त्या सर्वस्वाची किंमत कुणी मोजली, हेही नीट पाहिलं पाहिजे.

बायबल याबद्दल काय सांगतं?

गंमत म्हणजे, ही बाब येशूच्याही नजरेतून सुटली नव्हती. त्याच्या काळात काही लोक आपला पैसा 'देवाला वाहिलेला' म्हणून जाहीर करत आणि म्हाताऱ्या आईबापांना म्हणत, आता तुम्हाला द्यायला काही उरलं नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूने अशांना खडसावलं आहे. घरच्यांच्या तोंडचा घास काढून देवाला दिला, तर तो देवाला पोहोचत नाही, हाच त्याचा अर्थ.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची गोष्ट आहे. त्यांनी जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि सगळेच दिले असं भासवलं. लोकांना वाटतं, पैसे ठेवले म्हणून ती दोघं दोषी ठरली. पण पेत्र त्यांना सांगतो, की जमीन तुमची होती, पैसेही तुमचेच होते. अपराध होता तो खोटं बोलण्याचा. आणि मंदिराच्या पेटीत दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेचं येशूने कौतुक केलं, कारण इतरांनी आपल्या भरपूर असलेल्यातून दिलं, तिने मात्र आपल्या गरिबीतून जवळ होतं ते सगळं दिलं.

घरात करून पाहण्यासारखं

मोठ्या माणसांच्या गोष्टी झाल्या. आता आपल्या घरापुरतं काय? कोणत्याही देवाची उपासना करणाऱ्या भगिनीला उपयोगी पडेल असं थोडं सांगते.

*आधी मनातलं बोला.* प्रार्थनेला बसल्यावर काय हवं, कशाची भीती वाटते, कुणाचा राग आला, ते सरळ बोला. मग जे आपल्या हातात नाही, तेवढंच सोपवा. जे हातात आहे, ते करायचंच. पोराला ताप असेल तर प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही न्या. वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ साली एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी सुरू केलं. प्रार्थना करणाऱ्यांनीच औषधाची सोय केली, ती काही प्रार्थनेवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे!

*आपल्या हातचं द्या.* मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका १९१० पासून एक सुंदर रीत पाळत आल्या आहेत. रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातला मूठभर देवाच्या कामासाठी बाजूला काढायचा. कुणाला विचारायला नको, कुणाचा घास कमी व्हायला नको. मूठ लहान, पण ती आपली! आपल्याकडे ज्वारीची मूठ निघेल, डाळीची निघेल.

*मोठं दान दोघांनी ठरवा.* शेत, घर, ठेव यांतलं काही द्यायचं असेल, तर नवराबायकोने बसून बोलावं, मुलांची शिक्षणं आणि म्हाताऱ्यांचं औषधपाणी आधी बाजूला काढावं, आणि दिलेलं वहीत लिहावं. तुमचा दागिना तुमचा आहे. तो द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवा.

*घाई करणाऱ्यापासून सावध राहा.* देवाच्या नावाने कुणी आजच्या आज पैसे, अंगठी किंवा कागदावर सही मागत असेल, तर 'विचार करून सांगते' म्हणा. खऱ्या कामाची पावती मिळते आणि हिशेबही दिसतो. देव काही एका रात्रीत कुठे जात नाही.

*कायदा माहीत असू द्या.* ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र केलेलं नसेल आणि मुलंबाळं असतील, तर विधवेला एकतृतीयांश हिस्सा मिळतो आणि बाकीचा मुलांना. पण मृत्युपत्र असेल, तर त्यात लिहिलं असेल तसं होतं. याच कायद्याच्या ११८ व्या कलमाप्रमाणे जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाला धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी मृत्युपत्राने मालमत्ता द्यायची, तर ते मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेलं असावं लागे. ख्रिस्ती लोकांवर हा अन्याय आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ते कलम रद्द केलं. तेव्हा आता कायद्याची ती आडकाठी राहिलेली नाही. नवऱ्याने मृत्युपत्र केलं आहे का आणि त्यात काय आहे, हे विचारायला बायकोने संकोच करू नये. विचारणं म्हणजे अश्रद्धा नव्हे.

इंग्लंडातल्या जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये मेथडिस्ट मंडळींसाठी समर्पणाच्या प्रार्थनेची एक वेगळी उपासना सुरू केली. अजूनही पुष्कळ मंडळ्यांत ती नव्या वर्षाच्या आरंभी होते. वर्षातून एकदा सगळ्यांनी एकत्र उभं राहून स्वतःला पुन्हा देवाच्या हाती द्यायचं. दरवर्षी पुन्हा का? एकदा दिलं ते आपण हळूच परत घेतो, हे त्यांनाही ठाऊक होतं! मुलाची काळजी काल सोपवली, आज सकाळी ती पुन्हा आपल्या पदरात असते. त्यात लाज वाटायला नको. पुन्हा सोपवावी.

तेव्हा आज रात्री 'सगळं तुझंच' म्हणाल, तेव्हा क्षणभर थांबा. यातलं माझं काय आहे, ते आधी ओळखा. माझा वेळ, माझा राग, माझी भीती, माझी मूठ. तेवढं मोकळ्या मनाने द्या. दुसऱ्याचं त्याचं त्याला देऊ द्या. आणि सकाळी उठून डबे भरायचे आहेत, हेही विसरू नका!